खणात राहिलेला शिक्का

मित्रांनो, मी रबराचा एक जुना शिक्का आहे. गोड बोलायची माझी सवय कधीच मोडली आहे, तेव्हा थोडे कडू ऐकून घ्या.

पुण्यातल्या एका कारागिराने मला कोरले आणि वर शिसवी मूठ बसवली. तिथून मी चिंचवड स्टेशनजवळच्या एका आर्किटेक्ट साहेबांच्या टेबलावर आलो. तेव्हा १९५५ साल होते. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले होते. बांधकामाचा करार असा असे की ठेकेदाराने काम पुरे करायचे, साहेबांनी ते तपासून दाखला द्यायचा आणि दाखला पाहूनच मालकाने पैसे चुकते करायचे. मी उमटल्याशिवाय त्या दाखल्याला कुणी विचारत नसे. खंडेनवमीला साहेब मला हळदकुंकू वाहत आणि मी फुगून जात असे. खोटे कशाला बोलू?

रहाटणीच्या रंगराव ठेकेदारांनी एका कारखान्याच्या कामगारांसाठी चाळ बांधली. निघोजे गावचा भैरू गवंडी आणि त्याची माणसे त्यांच्याकडे राबत होती, तीही 'मालकाचे पैसे आले की मजुरी देतो' या नुसत्या शब्दावर. साहेबांनी भिंती, छपरे, मोऱ्या सगळे फिरून पाहिले. मी त्यांच्या पिशवीतच होतो. "काम चोख आहे," असे ते म्हणाल्याचे मी या कानांनी ऐकले.

वास्तुशांतीच्या दिवशी मालकांनी रंगरावांना फेटा बांधला आणि हातात नारळ दिला. रंगराव फसले ते इथेच. आपल्याकडे चारचौघांत मानाचा फेटा-नारळ मिळाला की काम पसंत पडले असे माणूस धरून चालतो. भरल्या मांडवात दाखला मागणे रंगरावांना हलकेपणाचे वाटले. त्यांनी तिथल्या तिथे चाळीच्या किल्ल्या देऊन टाकल्या.

पुढच्याच आठवड्यात मालक कचेरीत आले. "दाखल्याची एवढी घाई कसली, साहेब? राहू द्या थोडे दिवस. पुढच्या शेडचं कामही तुमच्याकडेच यायचंय," ते चहा पिता पिता म्हणाले. साहेबांनी मला उचलले आणि खणात टाकले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण शिक्क्याचा राग कोण विचारतो?

मग टोलवाटोलवी सुरू झाली. साहेब म्हणत, "मालकांना विचारा." मालक म्हणत, "दाखला आर्किटेक्टच्या हातात. मी मध्ये कसा पडू?" चाळीत बिऱ्हाडे आली, चुली पेटल्या, तुमच्याएवढी मुले ओट्यांवर खेळू लागली. कागदावर मात्र ती चाळ अपुरीच होती. खणात माझे रबर वाळून त्याला भेगा पडल्या.

एके दिवशी रंगरावांची बायको शालनबाई आली. ती बसलीसुद्धा नाही.

"साहेब, गवंड्यांच्या बायका भर बाजारात मला टोचून बोलत्यात. पैसं आमीच घरात दडवलं म्हनत्यात. चाळ पुरी झाली का न्हाई, एवढं तरी सांगा!"

साहेब छत्री उचलून तिच्यासमोरून निघून गेले. इतका निर्लज्जपणा मी त्याआधी पाहिला नव्हता.

शेवटी रंगराव कोर्टात गेले. मालकांनी दाखला अडवायला सांगितले होते, हे साहेबांना साक्षीत कबूल करावे लागले. न्यायाधीशांनी मालकांना सुनावले. "आर्किटेक्ट तुम्हीच नेमलेला. तो दाखला देत नाही हे दिसत असताना त्याला ताळ्यावर आणणे तुमचे काम होते. तुम्ही उलट त्याला अडवलेत. आता दाखला नाही ही सबब चालणार नाही, पैसे द्या." निकाल रास्त होता. पण त्याला तीन वर्षे लागली.

निकालानंतर रंगराव कचेरीत आले.

"जिंकलात की, रंगराव!" साहेब कसनुसे हसले.

"निघोज्याला गेलतो," रंगराव म्हणाले. "भैरूच्या हातावर समदं पैसं ठिवलं. म्हनलं, चल, नवं काम धरू. तो म्हनला, आता कंपनीत लागलोय, शिफ्टला जायचंय. पानी इचारलं न्हाई, साहेब. तीन वरसं गावानं मला चोर म्हनलंय. मी चोर न्हाई, ह्याचा दाखला कोन देनार?"

साहेबांनी खण उघडून मला हातात घेतले. का घेतले ते त्यांनाच ठाऊक. समोर कागद नव्हता आणि रंगराव तोवर जिना उतरले होते.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात शिक्का येईल. काम पसंत नसेल तर तोंडावर तसे सांगा. पसंत असेल तर त्याच दिवशी शिक्का मारा, मग तुम्हाला नेमणारा डोळे वटारो की चहा पाजो. आणि तुम्हीच कुणाला नेमले असेल, तर त्याच्या आड लपू नका. एवढे माझे ऐका. रंगराव चांगले बांधत होते हो. त्या चाळीनंतर त्यांनी एकही घर बांधले नाही.