सुलाबाईचा खुलासा

गेल्या तीन आठवड्यांत आरोग्य केंद्रातल्या काचेच्या टाकीत गप्पी माशांनी शंभरावर पिल्लं टाकली, आणि त्यातलं एकही चौथ्या दिवसापर्यंत टिकलं नाही.

सुलाबाईनं आधी मोठ्या माशांवरच संशय घेतला. गप्पीची जात तशीच, आपलीच पिल्लं गिळायला मागंपुढं पाहत नाही. म्हणून तिनं जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापून टाकीत आडवी जाळी बसवली. मोठे एकीकडं, पिल्लं दुसरीकडं. तरी सकाळी वीस दिसलेली पिल्लं संध्याकाळी बारा व्हायची, दुसऱ्या दिवशी पाच, आणि मग नुसतं पाणी.

पोखर्णीच्या पलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत असलेल्या गावच्या या केंद्रात ती परिचर होती. कंत्राटी, अकरा महिने झाले की नव्यानं सही करायची. वय पन्नाशीच्या पुढं, शिक्षण सातवी. झाडलोट करायची, पेशंटला धरून न्यायचं, सुया-बोळे उचलायचे, ही तिची कामं. मासे त्यात बसत नव्हते. ते तिनं स्वतःहून अंगावर घेतले होते.

त्याला कारण होतं. गावाला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून घरोघर पिंपं आणि टाक्या भरलेल्या. दोन वर्षांपूर्वी त्याच पिंपांतल्या डासांनी तिच्या नातीला, ईश्वरीला, डेंग्यू दिला. पोर परभणीच्या दवाखान्यात नऊ दिवस पडून होती. ती वाचली, शेजारची लक्ष्मीबाई वाचली नाही. तेव्हापासून सुलाबाई हातात बरणी घेऊन दारोदार गप्पी मासे सोडत फिरायची, कारण गप्पी डासांच्या अळ्या खातो. दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊस तोडायला निघून जायचं. कुलूपबंद घरांची पिंपं भरलेलीच राहायची आणि तिथंच डास माजायचे. लोक निघायच्या आत प्रत्येक घरी मासे पोचवायचे, हा तिचा दर वर्षीचा हिशोब. या उन्हाळ्यात केंद्राबाहेरचा, ती मासे वाढवायची तो सिमेंटचा हौद तडकला आणि मासे तडफडायला लागले, तेव्हा तिनं शाळेच्या अडगळीतून साठ लिटरची ही टाकी मागून आणली आणि ओपीडीच्या खिडकीशी मांडली.

श्रावणातल्या एका बुधवारी तालुक्याहून काशीनाथराव तपासणीला आले. आरोग्य पर्यवेक्षक, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. त्यांनी रजिस्टरं पाहिली, मग टाकीपाशी येऊन चष्मा सावरला. काचेला आतून बारीक बारीक दोरे चिकटलेले होते. नखाएवढे, मातकट, टोकाला केसासारख्या शेंड्या. पाण्यात पांढरे ठिपके झटके देत पळत होते.

"सुलाबाई, हे काय पाळायलात तुमी? जंत?"

"तेच मी बी बगायले साहेब. पिल्लं मरायलीत माजी."

"पिल्लं गेली उडत. हे उड्या मारायलेत ते सायक्लॉप्स हायेत. नारूच्या मोहिमेत मी चार वर्षं विहिरी-बारवा पालथ्या घातल्यात. ह्यांच्याच पोटातून नारूचा जंत माणसात जायचा. अन तुमी ते दवाखान्यात, पेशंटच्या नाकासमोर ठेवायलात!" त्यांचा आवाज चढला तशी रांगेतली माणसं माना वळवून पाहायला लागली. "सोमवारी मी येनार हाय. त्याच्या आत टाकी रिकामी करायची. टीसीएल, ती ब्लीचिंग पावडर टाका, मासे नाल्यात ओता, काच घासून ठेवा. अन हे असं का झालं त्याचा लेखी खुलासा द्या."

"टीसीएलनं मासे मरतेत."

"मरू द्या."

सुलाबाईनं हातातला झाडू भिंतीला टेकवला. "न्हाई साहेब. काय हाय ते कळल्याबिगर मी मासे मारनार न्हाई."

काशीनाथरावांना परिचरानं नाही म्हणायची सवय नव्हती. "तुमची सही पुढच्या म्हैन्यात हाय ना?" एवढंच ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

ओपीडी संपल्यावर सुलाबाई प्रयोगशाळेत गेली. मैथिली तिथली तंत्रज्ञ. परभणीच्या एका मास्तरांची मुलगी. दिवसभर हिवतापाच्या काचपट्ट्या तपासायची.

"मॅडम, तुमच्या त्या नळीतून जरा बगू द्या."

"मावशी, सूक्ष्मदर्शक आहे तो. रक्त तपासायला दिलाय. उद्या कोणी विचारलं तर?"

"तर सांगा, सुलाबाईनं जबरदस्ती केली."

मैथिलीला हसू आलं आणि काम झालं. ड्रॉपरनं काचेवरचा एक दोरा ओढून घेतला, थेंबासकट पट्टीवर सोडला. आधी मैथिलीनं पाहिलं आणि ती पाहतच राहिली. मग तिनं खुर्ची सोडली.

सुलाबाईनं एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला. दोरा नव्हताच तो. नळीसारखं अंग, बुडाशी घट्ट चिकटलेलं, आणि वरच्या टोकाला सहा हात, सावकाश चाचपडणारे. थेंबात एक पांढरा ठिपकाही आला होता. तो झटका मारत एका हाताला लागला. लागला तो चिकटला. दोनदा थरथरला आणि निपचित पडला. हातानं त्याला तोंडाकडं ओढून घेतलं.

"आगं माय," सुलाबाई म्हणाली. "हाच हाय. हाच खायलाय माज्या लेकरांना."

"हायड्रा," मैथिली म्हणाली. "बीएस्सीला आकृती काढली होती, जिवंत पहिल्यांदाच पाहते. हातात विषाचे काटे असतात याच्या. मोठ्या माशाला काही होत नाही, पण नुकतं जन्मलेलं पिल्लू सापडलं की संपलं. आणि ते पांढरे ठिपके म्हणजे सायक्लॉप्स, साहेब बरोबर बोलले. पण नारू देशातून जाऊन विसावर वर्षं झाली. नारूचा माणूसच नाही, तर यांच्या पोटात नारू येणार कुठून? उलट मासे यांना खातात."

"ह्याच्या कुशीला दुसरा फुटलाय."

"तसाच वाढतो तो. आणि कापला तरी मरत नाही. तुकडे केले तर तुकड्या-तुकड्याचा नवा होतो."

सुलाबाई नळीपासून बाजूला झाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी काच घासत व्हते मॅडम. रोज. नारळाच्या काथ्यानं, चांगली रगडून."

मैथिलीनं स्टूल तिच्याकडं सरकवलं.

"म्हंजे एकाचे धा मीच केले." ती स्टुलावर बसली. "अन पिल्लांना अंड्याचा बलक घालत व्हते, दोनदा. मरायलीत म्हनून तिसऱ्यांदा बी घालायले. ते उरलेलं खाऊन ठिपके माजले, ठिपके खाऊन हे माजले. आले बी माज्यामुळंच. गंगाखेडला भावाकडं गेले तवा गंगेतलं म्हंजे गोदावरीतलं शेवाळ आनलं व्हतं, माशांना सावली म्हनून."

"मग साहेब म्हणतात तसं करायचं?"

"कामून? चूक माजी हाय, माशांची न्हाई."

मैथिलीनं मोबाईल काढला. बराच वेळ वाचत होती. मीठ नको, त्यानं इतकं भागत नाही. पाणी तापवलं तर मासे दमतात. शेवटी ती एका नावावर थांबली आणि ते तिनं मोठ्यानं वाचलं. "फेनबेंडाझोल. जनावरांचं जंताचं औषध आहे म्हणे."

"ते व्हय? शेळ्यांना देते मी. रामप्रसादच्या दुकानात मिळतंय." सुलाबाई उठली. इतकी साधी वस्तू असेल असं तिला वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी जनावरांच्या औषधांच्या दुकानात रामप्रसादनं विचारलं, "शेळ्या किती हायेत?"

"मासे हायेत. साठ लिटरात."

त्यानं गोळीचं पाकीट पुढं केलं, पण हातातून सोडलं नाही. "मावशे, मासे मेले तर माज्या नावानं बोंबलू नको."

"आधी दोनच माशांवर बगनार हाय. सगळ्यांना एकदम कशाला घालू?"

आणि तिनं तसंच केलं. लोणच्याच्या दोन बरण्या उकळून घेतल्या. दोन्हींत टाकीचंच पाणी, दोन-दोन मासे, आणि ड्रॉपरनं ओढलेले बारा-बारा हायड्रा. मैथिलीनं मोजून दिलेली औषधाची भुकटी, सुईच्या टोकाला बसेल एवढी, गरम पाण्यात कालवून एकीत घातली. दुसरीत काहीच नाही. टाकीतलं अंड्याचं खाणं त्याच दिवशी बंद झालं, काथ्या चुलीत गेला, शेवाळ उन्हात वाळत पडलं. पोटुशा माद्या तिनं वेगळ्या बादलीत काढल्या.

शुक्रवारी औषधाच्या बरणीतले हायड्रा आखडून गोळ्या झाले. शनिवारी ते तळाला पडले. मासे दोन्ही बरण्यांत ठणठणीत. बिनऔषधाच्या बरणीत बाराचे चौदा झाले होते. शनिवारी दुपारी सुलाबाईनं पाव गोळी कुटून टाकीत ओतली.

खुलाशाचा विषय मैथिलीनंच काढला. "मी लिहून देते मावशी. 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही.' तुम्ही फक्त सही करा. पुढच्या महिन्यात सही आहे, उगाच कशाला."

"तुमी माज्या भल्याचंच सांगायलात. पन माजा खुलासा मी लिहीन."

तिनं रविवारी ओट्यावर बसून लिहिला. ईश्वरीची वही, ईश्वरीचाच पेन. तीन कागद फाडले तेव्हा चौथा जमला.

सोमवारी काशीनाथराव आले ते थेट टाकीपाशी. टाकी बुधवारपेक्षा वाईट दिसत होती. मेलेल्या हायड्रांचा पांढुरका गाळ तळाला साचला होता, पाणी गढूळ झालं होतं, शेवाळाबरोबर आलेल्या गोगलगायी औषधानं उताण्या पडल्या होत्या.

"हे केलं तुमी?"

"मरायलेत ते साहेब. आज निम्मं पाणी बदलनार हाय."

"मी काय सांगितलं व्हतं?" त्यांनी कोपऱ्यातली टीसीएलची बादली स्वतः उचलून आणली, झाकण काढलं, प्लास्टिकचा मग पावडरीनं भरला. त्याचा वास ओपीडीभर पसरला. सुलाबाईनं टाकीवरच्या फळीवर आपले दोन्ही पंजे ठेवले.

"हात काढा."

"न्हाई."

"बाई, मी वरिष्ठ हाय तुमचा."

"हाव, हायेत. टाकायचं असलं तर माज्या हातावर टाका. पन आधी खुलासा वाचा. तुमीच मागितला व्हता."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आमच्या पिंपात तिचेच मासे हायेत साहेब. दोन साल झाले, घरात कुनाला ताप न्हाई." तिच्या मागच्यांनी माना हलवल्या. काशीनाथरावांनी मगातली पावडर बादलीत परत ओतली आणि कागद घेतला.

'मा. साहेबांस. खुलासा असा की टाकीत हायड्रा नावाचे जीव झाले. ते माझ्या चुकीने झाले. मी नदीचे शेवाळ न धुता आणले, खाणे जास्त घातले, व काच घासून त्यांचे तुकडे केले. या तीन चुका माझ्या आहेत व त्या मी कबूल करते. पांढरे ठिपके सायक्लॉप्स आहेत हे तुम्ही बरोबर ओळखले. परंतु पिल्ले त्यांनी खाल्ली नाहीत. टाकी रिकामी करणे हा त्यावर इलाज नाही. इलाज मी बरणीत करून पाहिला आहे, तो चालू आहे. मासे मी मारणार नाही. दसऱ्याच्या आत ते गावात वाटायचे आहेत. याबद्दल मला कामावरून काढायचे असल्यास काढावे, पण मासे ठेवावेत.'

त्यांनी तो दोनदा वाचला. "हायड्रा कशावरून?"

"या की. मॅडमनी पट्टी लावून ठेवलीय."

काशीनाथराव प्रयोगशाळेत गेले. बिनऔषधाच्या बरणीतला जिवंत हायड्रा मैथिलीनं नळीखाली ठेवला होता, शेजारी एक सायक्लॉप्स. ते वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत. मैथिलीनं सुलाबाईकडं पाहिलं. सुलाबाई दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

"धरला," ते नळीला डोळा लावूनच पुटपुटले. "सायक्लॉप्सला धरला त्यानं." मग सरळ होत म्हणाले, "चार वर्षं मोहीम केली. हे आमाला कुनी दाखवलं न्हवतं."

चष्मा पुसता पुसता त्यांच्यातला साहेब परत आला. "ठीक हाय. टाकी राहू द्या. पन दर्शनी भागात नको, मागच्या खोलीत न्या."

"तिथं उजेड न्हाई. न्हाई न्यायची."

मैथिलीनं डोळे मिटून घेतले. काशीनाथरावांनी खुलाशाची घडी घालून खिशात ठेवली. "हे पत्र फायलीला लागंल, ध्यानात ठेवा."

"लावा. वरच्यांनी बी वाचावं."

टाकी खिडकीशीच राहिली. तिनं निम्मं पाणी बदललं, गाळ नळीनं ओढून काढला, चार दिवसांनी पुन्हा थोडं औषध दिलं. गोगलगायी सगळ्या गेल्या. बिनकसुराच्या गेल्या म्हणून तिला वाईट वाटलं. गणपतीच्या आदल्या दिवशी बादलीतल्या माद्या परत टाकीत सोडल्या, आणि त्या आठवड्यात झालेल्या पिल्लांपैकी सव्वीस जगली. पुढच्या खेपेला साठ. पांढरे ठिपके थोडे उरले होते. ते पिल्लांनीच संपवले.

पुढच्या महिन्यात बाकीच्यांच्या सह्या झाल्या. सुलाबाईचा कागद खुलाशापायी तालुक्यात अडकला. मैथिली म्हणाली, एकदा जाऊन साहेबांना भेटून या. सुलाबाई गेली नाही. रोज वेळेवर येऊन झाडत होती, पेशंट धरत होती, संध्याकाळी बरणी घेऊन वस्तीवर जात होती. सोळाव्या दिवशी कागद आला. खाली काशीनाथरावांची सही होती, शेरा कसलाच नव्हता.

दसऱ्याला चार दिवस राहिले तेव्हा ऊसतोडीचे ट्रॅक्टर गावात येऊन लागले. माणसं भांडीकुंडी, अंथरुणं वर चढवत होती. त्या गर्दीतून वाट काढत सुलाबाई बरणी छातीशी धरून निघाली.

"आवं, आमी निघालोत आता," एका दारातून बाई म्हणाली. "कुलूप लावायलेत."

"दोन मिनिटं थांब," सुलाबाई तिला बाजूला सारत आत शिरली. "पिंप कुठं हाय?"