शेजारच्या सीटवरचा

समाधान आणि सार्थक हवाई दलात एकत्र विमान उडवायचे. एका पार्टीहून दोघे सारखेच पिऊन निघाले. गाडी समाधान चालवत होता, म्हणून नाकाबंदीत केस त्याच्यावर झाली. हवाई दल सोडल्यावर सार्थकला विमान कंपनीने घेतलं. समाधानची मुलाखत त्या केसपाशीच अडली. आता तो चाकणला एका गोदामाची सुरक्षा बघतो.

काल सार्थक नव्या गणवेशात पेढे घेऊन त्याच्या पिंपळे सौदागरच्या घरी आला. समाधान त्या गणवेशाकडे बघत राहिला.

“त्या दिवशी मीही प्यायलो होतो, हे मुलाखतीत सांगितलं मी,” सार्थक म्हणाला.

“तरी घेतलं?”

“गाडी मी चालवत नव्हतो ना, भावा.”

समाधानने पेढा घेतला, अभिनंदन केलं. सार्थक खोटं बोलला असता, तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.