सहावी गाडी

मी शर्यतीची गाडी बोलतेय. मला छप्पर नाही, दरवाजे नाहीत, डिकी नाही. माझ्यात एकच माणूस बसतो, तोही पाय लांब करून, जवळजवळ आडवा. साध्या रस्त्यावर मला परवानगी नाही. नगरमध्ये मला पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "ही चालते का?"

चालते. अजून चालते. तेच सांगायचंय.

माझा जन्म नागापूरच्या एमआयडीसीतला. गोरक्षच्या वर्कशॉपमध्ये साखर कारखान्यांचे सुटे भाग बनतात, पण गोरक्षला वेड शर्यतीचं. त्याच्याकडच्या सत्यवान वेल्डरनं पाइप कापून, वाकवून माझा सांगाडा जोडला. इंजिन आणि ब्रेक एका साध्या घरगुती मोटारीचे घेतले. प्रत्येक जोड थंड झाला की सत्यवान त्यावरून अंगठा फिरवायचा. तो अंगठा मला अजून ओळखू येतो.

तेव्हा आमच्या ज्युनिअर वर्गाला मान होता. मोठ्या शर्यतींकडे निघालेली मुलं आधी आमच्यात बसून शिकायची. सुरुवातीच्या रेषेवर इतकी गर्दी, की मागच्या गाडीला सिग्नल दिसायचा नाही. आमच्यानंतर टूरिंग गाड्या यायच्या. टूरिंग म्हणजे तुमच्या दारात असते तशीच गाडी, फक्त आतलं सगळं सामान काढलेली. त्या एकमेकींना ढुशा देत वळायच्या आणि लोक कठड्यावर चढायचे.

आता टूरिंगचे दोन-तीन वर्ग एकत्र बांधून एकच शर्यत लावतात, तरी रेषा भरत नाही. परदेशी गाड्यांची, झगमगाटाची नवी लीग आली. ऐपतीची मुलं तिकडे गेली. बाकीची घरात स्क्रीनसमोर स्टिअरिंग धरून बसतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. तिथं आपटलं तर बटण दाबून पुन्हा उभं राहता येतं.

माझ्या वाट्याला ताडपत्री आली. पुढ्यात रिकामे ड्रम, सीटमध्ये कामगारांचे डबे. एक दिवस शिर्डी रस्त्यावर हॉटेल असलेला कल्याण आला.

"गोरक्षशेठ, हॉटेलापुढं चौथरा बांधतो. हिला वर ठेवू. लोक पोरांना बसवून फोटो काढतील."

"अन् इंजिन?"

"ते घ्या की काढून. फोटोत कुठं आवाज येतो?"

गोरक्ष नाही म्हणाला नाही. त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. गंजायला माझी तयारी होती. आतून रिकामी होऊन हसऱ्या चेहऱ्यानं उभी राहायला मुळीच नव्हती.

ताडपत्री ओढली ती हेलननं. सत्यवानची ही मुलगी, पॉलिटेक्निकला शिकणारी. गाडी चालवण्यात पक्की, आणि बोलण्यात त्याहून.

"काका, एक मोसम द्या मला."

"अगं, वर्गच बुडायला आलाय. मोसमाच्या शेवटच्या फेरीला सहा गाड्या उभ्या राहिल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी हा वर्ग बंद. आयोजकांनी कळवलंय तसं. आज पाचच आहेत."

"मग सहावी आपली."

"आणि तरी बंद पडला तर?"

"तर न्या हॉटेलात. मीच धुऊन देईन."

मोसमभर आम्ही मागेच राहिलो. हेलन शिकत होती आणि माझे सांधे आखडलेले होते. पण दर फेरीला आम्ही सहा होतो. शेवटची फेरी पोळ्यानंतर लगेच आली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मला दक्षिणेतल्या ट्रॅककडे नेणारा टेम्पो गोरक्षच्या घरापुढं थांबला. माणसं आत जेवत होती. तेवढ्यात गोरक्षची आई, बनुबाई, वाटी घेऊन बाहेर आली.

त्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. जू जिथं बसतं, तो खांदा हळद-तुपानं चोळतात. बनुबाईच्या घरचे बैल कधीच गेले होते, हातांना मात्र त्या दिवशी राहवत नव्हतं.

"वर्सभर लई वढलंस गं बाई," ती मला म्हणाली. "उद्या सण हाय, अन् तुला परमुलखात धाडत्यात."

तिनं माझा खांदा शोधला. तो कुठं सापडेना. मग सगळा भार चाकांवरच असणार असं समजून तिनं पुढच्या दोन्ही चाकांच्या फटींतून बोटं घातली आणि आतली चकचकीत तबकडी हळद-तुपानं चांगली मळली.

ती तबकडी म्हणजे माझा ब्रेक. पण खरं सांगते, त्या हाताला नको म्हणणं मला जमलं नसतं. तोवर मला जो हात लागला, तो काहीतरी दुरुस्त करायलाच लागला होता.

ट्रॅकवर सरावाच्या पहिल्याच वळणाला हेलननं ब्रेक दाबला आणि मी थांबलेच नाही. सरळ खडीत घुसले. चाकांतून धूर निघाला, आणि त्या धुराला शिऱ्याचा वास! शेजारच्या शेडमधली माणसं नाक वर करून बघू लागली. हेलनला काही लागलं नव्हतं. सत्यवाननं चाक उतरवलं, बोट फिरवलं, हुंगलं.

"पप्पा, हे पिवळं काय?"

"हळद. अन् तूप." तो खालीच बसला. "परवा खांदेमळणी होती गं. बनुबाई!"

दोघं हसली. तबकडी घासून साफ झाली असती, पण तिला धरणारे पॅड तूप प्याले होते आणि जास्तीचा जोड जवळ नव्हता. तपासणाऱ्यानं स्वच्छ सांगितलं, ब्रेक नाही तर शर्यत नाही. म्हणजे पाच गाड्या. म्हणजे चौथरा.

हेलन शेडमागून शेड हिंडली. आमच्या वर्गात कुणाकडे जास्तीचे पॅड नव्हते. टोकाला कोल्हापूरचे आप्पासाहेब होते. माझं इंजिन ज्या मोटारीचं, त्याच जातीची त्यांची जुनी टूरिंग गाडी, ब्रेकही तेच.

"काका, तुमचे पुढचे पॅड द्याल?"

"अन् मी काय पाय टेकवून थांबू?"

"तुमची शर्यत आमच्यानंतर आहे. संपली की आणून देते."

"तापलेले?"

"तापलेलेच. फुंकर घालून बसवा."

आप्पासाहेबांच्या मिशा हलल्या. "कुणाची गं तू?"

"नगरच्या सत्यवान वेल्डरची."

त्यांनी आपल्या गाडीकडे बघितलं. "आमच्या वर्गात आम्ही म्हातारेच उरलोय. तुमच्याकडनं पोरं यायची थांबली, तर आमच्या मागनं कोण येणार? आण जॅक."

सत्यवाननं तबकड्या पॉलिश पेपरनं घासल्या, पॅड बसवले आणि वरून अंगठा फिरवला. सगळ्यांच्या मागून आम्ही निघालो. ज्या वळणावर मी खडीत गेले होते, तिथंच हेलननं सगळ्यात उशिरा ब्रेक दाबला. मी चावून धरलं. एक गाडी मागे पडली. आम्ही पाचव्या आलो. कप नाही, हार नाही, फोटोही नाही. पण निकालात सहा गाड्यांचे नंबर लागले आणि वर्ग वाचला. पॅड ओल्या पोत्यावर घालून हेलन आप्पासाहेबांकडे पळाली, तेव्हा तिचं हेल्मेटसुद्धा डोक्यावरच होतं.

घरी आल्यावर तिनं बनुबाईला सांगितलं, "आजी, पॅड जुनेच होते. तुमचं काही नाही."

"खोटं बोलतीस," म्हातारी म्हणाली, "पन ग्वाड बोलतीस."

कल्याणनं धीर सोडला नव्हता. तो माझी मापं घ्यायला टेपवाला माणूस घेऊन आला. "चौथरा तयार आहे, शेठ. हे वर्ष निभावलं, पण पुढच्या वर्षी काय? तेव्हा तर बंद पडणारच ना?"

गोरक्ष घुटमळला. हेलन माझ्यात बसली आणि तिनं पट्टे आवळले.

"मोजा," ती म्हणाली. "माझ्यासकट मोजा."

गोरक्षला हसू फुटलं. "कल्याण, चौथऱ्यावर तुळस लाव."

सध्या माझं इंजिन बाकावर खोलून ठेवलंय, पुढच्या मोसमासाठी. माझ्यावर दया करू नका. माझ्याजवळ उभं राहून जुने दिवस आठवू नका. पुढच्या वर्षीही नियम तोच आहे. दर वेळी सहाव्या गाडीवर जीव टांगून राहायचा मला कंटाळा आलाय. तुमच्या गावात कुणाच्या शेडमध्ये माझ्यासारखी एखादी झाकून ठेवली असेल, तर तिला बाहेर काढा, एखाद्या पोरीला नाहीतर पोराला आत बसवा आणि पाठवून द्या.

मला सातवी हवीय.