तपकिरी पाण्याचा कॅन्सर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर काचेच्या भांड्यात तपकिरी पाणी आणि त्यामागे अर्कगुरुजी. "हा तुमचा कॅन्सर," ते म्हणाले. लोकांनी हात जोडले. नेमके कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. गुरुजींनी हिरव्या अर्काचे थेंब सोडले. पाणी नितळ झालं.

"अँटिऑक्सिडंट. पेशींवरचा गंज उतरवतं. शिवाय झाडपाला, म्हणजे साइड इफेक्ट शून्य."

धोतराही झाडपालाच, असं माझ्या मनात आलं. पण टाळ्यांपुढे असले विनोद फुकट जातात.

शेजारी माझा थोरला भाऊ होता. आतड्यात गाठ, केमो अर्ध्यावर. "आता सुया बंद," दादा म्हणाला, उद्या ऊन पडेल असं सांगावं तसा. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या खुर्चीवरचा नंबर वाचत बसलो.

संध्याकाळी बहिणीला बोलावलं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते, घरी कोणी न विचारता शिकवते. तिनं जखमेवर लावायचं आयोडीन ग्लासभर पाण्यात टाकलं. पाणी तपकिरी झालं. मग फ्रिजमधलं अर्धं लिंबू पिळलं. पाणी नितळ.

"झाला बरा. पाया पडायचं तर रांगेत या."

"म्हणजे लिंबातही ते अँटिऑक्सिडंट आहेच की," दादा म्हणाला.

"आहे. क जीवनसत्त्व. ते आयोडीनचा रंग घालवतं. ग्लासात आयोडीन होतं दादा, गाठ नव्हती. प्रयोगशाळेच्या बशीत अशा द्रव्यांनी गाठीच्या पेशी मरतातही. बशीत ॲसिड ओतलं तरी मरतात. झाडांपासून केमोची काही औषधं निघालीत, पण माणसांवर तपासून, मात्रा ठरवून. या गुरुजींच्या अर्काचं कोणी काय तपासलंय? उलट असले अर्क केमोच्या आड येऊ शकतात."

दादानं ग्लास उजेडात धरला. "हातचलाखी असेल, असं मलाही वाटलं होतं."

"मग?"

"त्या गुरुजीनं नाव तरी घेतलं. इथे सगळे 'पोटाचं' म्हणतात. डॉक्टरांचा फोन आला की गॅलरीत पळतात. ज्यांना रोगाचं नाव घेववत नाही, त्यांच्या औषधावर मी काय म्हणून विसंबायचं?"

खरं होतं. त्याच्यासमोर तो शब्द काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. त्याला आम्ही माया समजत होतो.

बहीण म्हणाली, "कॅन्सर आहे तुला. पूर्ण जाईलच, असं डॉक्टर म्हणत नाहीत. केमोनं शक्यता वाढते. एवढंच खरं आहे."

कोणी रडलं नाही. वहिनीनं ग्लास विसळून ठेवला.

"हे आधी सांगितलं असतं," दादा म्हणाला, "तर माझा रविवार वाचला असता."

तेव्हा चमत्कार दिसला की आधी विचारा, भांड्यात काय आहे? आणि घरच्या आजाऱ्याशी खरं बोला. आपण गप्प बसलो की बोलायला गुरुजी येतात.

सोमवारी दादा केमोला गेला. गुण येतोय का, अजून कळलेलं नाही. तो विचारतो, तेव्हा आम्ही तेच सांगतो.