मागून निघणारी मोटारसायकल

मिंझाने पोट धरलं आणि पुढे जाऊन कंडक्टरच्या खांद्याला हात लावला.

“दादा, औषध खणायचंय.”

बसमध्ये हशा पिकला. लांबच्या प्रवासात झुडपामागे जायचं असलं की सगळे असंच म्हणतात. पण इगुंगा सोडल्यापासून दुसऱ्यांदा खणायला निघालेली ही एकटीच.

“अगं पोरी, किती खणशील? दार-एस-सलामला दवाखाना काढणार आहेस का?”

बस थांबली. एक उतरला की त्याच्यामागे दहा उतरतात. कुणी झुडपं गाठली, कुणी रस्त्याकडेच्या बाईशी रताळ्यांच्या भावावरून हुज्जत घालू लागलं. हुज्जत लांबावी म्हणून मिंझा मनोमन प्रार्थना करत होती. झुडपामागे बसून ती काटकीने मातीत आकडे लिहू लागली.

बस सहाला सुटली, वेग साठ. तिला परत न्यायला शाळेतले मगांगा गुरुजी सातला मोटारसायकलवर निघणार, वेग ऐंशी. म्हणजे साठ किलोमीटरचं अंतर, आणि तासाला जेमतेम वीसच कमी होणार. तीन तास! तोवर सिंगिडा कधीच मागे पडलेलं असेल. तिथे बस बदलायची होती. मग ती कोणत्या गाडीत आहे ते गुरुजींना कोण सांगणार? पण बस वाटेत एकूण चाळीस मिनिटं थांबली, तर गुरुजी आठ वाजता, सिंगिड्याच्या अलीकडेच गाठतील. तिने दोनदा ताळा केला.

“मिंझा! झालं का गं?” आत्याने खिडकीतून हाक मारली.

आत्या काही वाईट बाई नव्हती. दार-एस-सलाममधल्या एका घरी तिने मिंझाला कामाला लावलं होतं. तिथे पोटभर जेवण मिळणार होतं. सातवीची परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती, त्याचं आत्याला काही वाटत नव्हतं. “पास होऊनसुद्धा भांडीच घासायचीत ना?” असं ती काल म्हणाली आणि घरच्यांनी मिंझाचं बोचकं बांधायला घेतलं. पहाटे स्टँडवर मिंझाने धाकट्या बहिणीच्या, कबुलाच्या कानात एवढंच सांगितलं, “मगांगा गुरुजींना सांग.”

बस पुन्हा धावू लागली. मिंझा मागच्या काचेला नाक लावून बसली. थांबे मोजून चाळीस मिनिटं भरली होती. आठ वाजत आले, आणि खरंच दूर धूळ उडाली. एक मोटारसायकल! ती जवळ आली, बाजूला आली. मागे कोंबड्यांची टोपली बांधलेला एक अनोळखी माणूस हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

मिंझा काचेपासून मागे सरली.

आत्ता तिला आठवलं. सात वाजता शाळेत शिकवणी सुरू नसते, झाडलोट सुरू असते. कबुलाच्या हातात झाडू असेल. आवार झाडून झाल्याशिवाय वर्गाकडे फिरकलं तर छडी बसते, आणि छडीपुढे कबुलाची पाचावर धारण बसायची. गुरुजींपर्यंत निरोप पोचला की नाही, देव जाणे. आणि पोचलाच, तर एका पोरीसाठी पदरचं पेट्रोल जाळायला ते निघालेच असतील कशावरून? गणितात मागची गाडी निघतेच. सातची वेळ तर तिनेच मनाने धरली होती.

तिने तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला तेव्हा कंडक्टर हसला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने मुकाट बस थांबवली.

“लवकर ये गं,” आत्या म्हणाली, “आणि चप्पल नीट घाल.”

मिंझा उतरली. झुडपांकडे न वळता बसच्या मागच्या बाजूला गेली आणि रस्त्याच्या कडेने इगुंग्याच्या दिशेने चालू लागली. मागून हॉर्न वाजला, मग आत्याची हाक आली, एकदा, दोनदा. तिने मान वळवली नाही. गुरुजी निघाले असतील तर वाटेत भेटतील. नसतील निघाले, तर शाळा काही पळून जात नव्हती.