पाऊण किलोचं कुलूप

मी काटा बोलतोय, भाऊ. पालिकेच्या दवाखान्यात दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला. लिहिता-वाचता येत नाही मला. तोंडावर छापलेत तेवढेच आकडे येतात. खाली झोळी, झोळीत बाळ, अन् सुई फिरली की वजन कळलं. वस्तीतली किती पोरं माझ्या झोळीत मुतली, त्याचा हिशेब नाही.

खोडी माझी जुनी. नवी सिस्टर आली की सुई उगाच नाचवायची. ती घाबरली की मला मजा.

मग तो आला. टेबलावरचा, गोरा, लाल आकडे दाखवणारा. लताबाई सिस्टर त्याला रोज मऊ फडक्यानं पुसते. मला कधी फडकं लावलं नाही! त्याच्यावर बाळ दुपट्यासकट ठेवलं की झालं. झोळी नको, रडारड नको. मी वर टांगल्या टांगल्या जळायचो.

धुरपदाबाई नातीला आणायची, पाच महिन्यांच्या डिंपलला. पोरीची आई रावेरला केळीच्या गाड्या भरायला जाते. पोरीचे हात भेंडीएवढे, पण गोऱ्यावर साडेपाच किलो. "चालतंय," लताबाई म्हणायची.

एका सोमवारी गोऱ्याचे सेल संपले. मी पोटातल्या पोटात हसलो! वस्तीतल्या आशा वर्कर बेबाबाईनं दुपटं सोडून डिंपलला झोळीत घातलं. सुई मी घट्ट धरली. पावणेपाच.

"हा म्हातारा परत थापा मारतोय," लताबाई म्हणाली.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या खोड्यांची लाज वाटली, भाऊ. खरं बोललो अन् कोणी मानेना. पोर तशीच घरी गेली असती.

बेबाबाईनं दुपटं उचललं, तर ठण्णकन कुलूप पडलं. गोदामाचं, हे एवढं!

"अक्का, हाई काय शे?"

"लोखंड शे. पोरले नजर नको लागाले म्हनीसन ठेवस."

"नजर पोरले नही, काट्याले लागनी ना!"

कुलूप माझ्यावर टांगलं. पाऊण किलो. लताबाई हसली नाही. आईला फोन करून बोलावलं, अन् त्याच दिवशी डिंपल मोठ्या दवाखान्यात भरती झाली.

दीड महिन्यानं आली, गाल घेऊन. मी झोळी पसरून तयार! अन् लताबाईनं ठेवलं कुठं? गोऱ्यावर. दुपटं सोडलं, पण गोऱ्यावरच. सहा किलो. सगळे त्याच्याकडं बघून हसले.

धुरपदाबाई मात्र माझ्याकडं आली. कुलूप माझ्या झोळीच्या हुकाला अडकवलं. "ह्या बुढाले कोनी नजर नको लागो."

मला? नजर लावत तर मी बसलो होतो!

आता दिवसभर पाऊण किलो दाखवत लटकतो. एवढं ऐका माझं: लेकरू जोखताना आधी दुपटं सोडा. मग ठेवा त्या गोऱ्यावर. मी जळेन. जळू द्या.