तिघांतले दोन

पेंटर उजाडल्यापासून शिडीवर होता आणि सगळी गल्ली त्याच्यावर खूश होती. खूश का नसेल? न्हाव्याच्या दुकानाला, चपलांच्या दुकानाला, पिठाच्या गिरणीला नव्याकोऱ्या पाट्या मिळत होत्या, त्याही फुकटात. अक्षरं तर अशी की वाटेने जाणारा थबकून बघे. फुकटच्या पाटीत कुणाला आजार दिसतो? लोक वाहवा करत होते आणि चहा पाजत होते.

आजार दिसला तो एकट्या बायकोला. एरवी हा माणूस खडूच्या दोरीने रेघा आखल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. आज एकही रेघ आखलेली नव्हती. डब्यातले ब्रश वाळून काटक्या झाले होते. जेवणाचं म्हणाल, तर कालपासून त्याला त्याची आठवणच नव्हती.

मागच्या खेपेला असंच झालं होतं. तेव्हा धाकट्या दिराने माणसं आणून पेंटरला भर रस्त्यातून उचलून मनोरुग्णालयात नेलं. निरोप धाडला होता तिनेच. बरा होऊन घरी आल्यावर पेंटर कितीतरी महिने तिच्याशी बोलला नाही. ताटाकडे बघून जेवायचा नि उठायचा. आजारापेक्षा तिला त्या अबोल्याचीच धास्ती जास्त होती.

त्यानंतर नवी डॉक्टरीण आली. वयाने लहान, पण ऐकून घेणारी. तिच्यासमोर बसून पेंटरनेच तिघांचा कायदा केला. औषध असो की दाखल होणं असो, तो, बायको आणि डॉक्टर, यातले दोघं म्हणतील ते तिसऱ्याने ऐकायचं. "तिसऱ्या तुम्ही असलात तरी," त्याने डॉक्टरला बजावलं. बाई हो म्हणाल्या. बायकोला वाटलं, रोग्याचं मन राखतायत, दुसरं काय!

पण पुढे गोळीने पेंटरचा हात थरथरू लागला, रेघ सरळ येईना. डॉक्टरीणबाईंना तीच गोळी चालू ठेवायची होती. नवरा-बायको म्हणाली, बदला. दोन विरुद्ध एक. बाईंनी तोंड वाकडं केलं, त्यातले धोके नीट समजावून सांगितले, आणि गोळी बदलली. दर आठवड्याला बोलावून स्वतः त्याचा हात बघितला. कायदा खरा आहे, हे बायकोला तेव्हा कळलं.

पण तो केला होता शांत डोक्याच्या माणसाने. शिडीवरच्या या माणसाला तो कोण आठवून देणार?

"वहिनी, उगाच वेळ घालवू नका," दीर फोनवर म्हणाला. "मी पोरांना घेऊन निघतो."

"भाऊजी, तुम्ही घरीच थांबा," ती म्हणाली आणि तिने डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टरीण एकटीच आली. शिडीपाशी उभी राहून वर बघत म्हणाली, "पेंटर, अक्षर झकास आलंय. पण मला वाटतं, तुम्ही आता दाखल व्हायला हवं."

"दाखल? अहो, इतका बरा मी जन्मात नव्हतो!" पेंटर वरूनच गरजला. "सगळं शहर रंगवायचंय मला! एक मत तुमचं, एक माझं. आता हिला विचारा."

न्हावी, त्याची गिऱ्हाईकं, सगळी गल्ली तिच्याकडे बघू लागली. गप्प बसावं तर नवरा हातचा जाणार, बोलावं तर पुन्हा तो अबोला, कदाचित कायमचा.

"अहो," ती म्हणाली, "मलाही बाईंसारखंच वाटतं."

पेंटरचा चेहरा लालबुंद झाला. रंगाचा डबा घेतलेला हात वर गेला. आता डबा अंगावर येतो असं वाटून ती मागे सरली. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते तोच जाणे. शहरभरच्या पाट्या एकाच वेळी हाका मारत असतील. आणि त्या सगळ्या गदारोळातून त्या माणसाने आपला शब्द शोधून काढला. हात खाली आला. एक पाय खालच्या पायरीवर आला, मग दुसरा.

"दोन विरुद्ध एक," तो दातओठ खात म्हणाला. "मला पटलेलं नाही, सांगून ठेवतो. चला."

चांगली धडधाकट माणसं सकाळी दिलेला शब्द संध्याकाळी मोडतात, आणि हा असा पेटलेला असताना पाळत होता. याच्याएवढं मोठं तिने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

वाटेत तो अखंड बोलत होता, मध्येच पळत होता, मध्येच थांबून भिंतींना रंग सुचवत होता. डॉक्टरीण धापा टाकत त्याच्या बरोबरीने चालली. कुणी त्याच्या दंडाला हात लावला नाही.

वॉर्डच्या दाराशी नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला, "पेशंटला कुणी आणलं?" आणि सवयीने बायकोकडे पाहिलं. बायकोने मान खाली घातली.

"मी आणलं," पेंटर म्हणाला. "या दोघी सोबत आल्यात."

मग तो तिच्याकडे वळला. "अगं, रडतेस काय? मत दिलंस ना? मग ताठ उभी राहा की!"

तो तिच्याशी बोलत होता. ती रडत रडतच ताठ उभी राहिली.